गुन्ह्याचा गाभा : कायद्याचे काही शब्द आणि आपण

(संस्थेच्या वतीने देवगड येथे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)





आजचा विषय थोडा रुक्ष आहे, पण गरजेचा आहे. आपल्या वाडीत काही अघटित घडले की आपण काय करतो? दहा माणसे जमतात, संताप होतो, कोणीतरी म्हणते, "चला पोलीस स्टेशनला." तेथे गेल्यावर हवालदार विचारतो, "काय झाले ते सांगा." आणि आपण सांगतो ते असे : "साहेब, आमच्यावर फार अन्याय झाला." हे सांगणे खरेच असते. पण कायद्याच्या भाषेत ते काहीच नसते. अन्याय ही भावना झाली. न्यायालयाला लागते ती घटना. भावना आणि घटना यांतले हे अंतर ज्याला भरून काढता येत नाही, त्याचा खटला पुष्कळदा पहिल्याच दिवशी हरलेला असतो. निकाल मात्र पाच वर्षांनी लागतो. म्हणून गुन्हा म्हणजे नेमके काय, त्याचा गाभा कोणता आणि त्यासाठी कायदा कोणते शब्द वापरतो, एवढेच आज आपण समजून घेणार आहोत.

लॅटिन भाषेतला एक शब्दप्रयोग जगभरच्या न्यायालयांत चालतो : कॉर्पस डेलिक्टाय. शब्दशः अर्थ 'गुन्ह्याचे शरीर'. शरीर म्हटल्यामुळे पुष्कळांचा, काही वेळा शिकलेल्यांचाही, असा समज होतो की शरीर म्हणजे प्रेत. आणि प्रेत सापडले नाही तर खून शाबीत होत नाही. हा समज चुकीचा आहे. येथे शरीर म्हणजे गुन्ह्याचा सांगाडा, त्याची मूलभूत तथ्ये. चोरीला प्रेत नसते, पण चोरीलाही हे 'शरीर' असते.

ते कसे ओळखायचे? तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला : काय झाले? माणूस मेला, घर जळाले, वस्तू गेली. दुसरा : ते आपोआप झाले की कोणाच्या गुन्हेगारी कृत्याने झाले? तिसरा : ते कृत्य कोणी केले? यांपैकी पहिले दोन प्रश्न मिळून गुन्ह्याचा गाभा होतो. तिसरा प्रश्न आरोपीचा, आणि तो शेवटी येतो. आपण मात्र बहुतेक वेळा तिसऱ्यापासून सुरुवात करतो. "अमक्यानेच केले," हे आपल्याला आधी ठाऊक असते. काय झाले ते मागाहून आठवू लागतो.

गवताच्या गंजीला आग लागली असे समजा. गंजी जळाली हे पहिले तथ्य. पण ती विडीच्या थोटकाने पेटली, विजेच्या तारेच्या ठिणगीने पेटली, की कोणी पेटविली? जोपर्यंत 'कोणी तरी पेटविली' हे दाखविता येत नाही, तोपर्यंत ती दुर्घटना आहे, गुन्हा नव्हे. शेजाऱ्याशी जुने भांडण होते एवढ्यावरून आग लावल्याचा गुन्हा उभा राहत नाही. म्हणून राख उपसण्याआधी पंचनामा व्हावा लागतो. रॉकेलचा वास, रिकामा डबा, आग कोणत्या बाजूने चढली, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले असते.

विद्यार्थी मित्रहो, ही विचारपद्धती परकी आहे असे मानू नका. आपण रोज पंचशील घेतो. त्यातले पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. पाली अट्ठकथांनी या कृत्याची पाच अंगे सांगितली आहेत : समोर जिवंत प्राणी असणे, तो जिवंत आहे याची जाणीव असणे, मारण्याचा हेतू असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि त्या प्रयत्नानेच मरण येणे. पाचही अंगे जुळली तरच ते कर्म पूर्ण होते. दुसऱ्या शीलाचेही तसेच : वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे ठाऊक असणे, चोरण्याचा हेतू, प्रयत्न आणि वस्तू हलविली जाणे. भिक्खूंच्या विनयातही कोणी आरोप केला म्हणून भिक्खू दोषी ठरत नसे. संघासमोर चौकशी होई आणि संबंधित भिक्खूचे म्हणणे ऐकले जाई. दोषी कृत्य आणि दोषी मन हे दोन्ही एकत्र आले पाहिजेत, हे आजच्या फौजदारी कायद्याचे सूत्र आपल्या परंपरेला पंधराशे वर्षांपूर्वीही अपरिचित नव्हते.

आता हीच अंगे आजच्या कायद्यात पाहा. चोरीची व्याख्या पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ती व्याख्या कलम ३०३ मध्ये गेली. (त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, हे लक्षात ठेवावे.) चोरीला पाच गोष्टी लागतात : जंगम मालमत्ता, ती दुसऱ्याच्या ताब्यात असणे, त्याची संमती नसणे, लबाडीचा हेतू आणि वस्तू हलविणे. देवगडात उदाहरण हापूसचेच द्यावे लागेल. झाडावरचा आंबा जमिनीला जोडलेला आहे, म्हणून तो जंगम नाही. त्याची चोरी होऊ शकत नाही. पण देठ तुटला त्या क्षणी तो जंगम झाला, आणि लबाडीने देठ तोडणे हीच चोरी होऊ शकते. नुसते कुंपणाच्या आत सापडणे म्हणजे चोरी नव्हे. तो फार तर अतिक्रमणाचा प्रश्न होईल. आपला एखादा पोरगा बागेजवळ दिसला म्हणून त्याला चोर ठरवून झोडपले जाते, तेव्हा या पाचांपैकी कोणते अंग शाबीत झाले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. आणि चोरी झालीच असेल, तरी त्याला झोडपणे हा वेगळा गुन्हा आहे.

आता प्रेत नसलेल्या खुनाकडे वळू. इंग्लंडमध्ये १६६० साली कॅम्पडेन गावचा विल्यम हॅरिसन नावाचा गृहस्थ नाहीसा झाला. त्याची रक्ताळलेली टोपी व कपडे रस्त्यात सापडले. जॉन पेरी नावाच्या नोकराने सांगितले की आपल्या आईने व भावाने त्याला मारले. नोकर, आई आणि भाऊ अशा तिघांना फाशी झाली. आणि १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परत आला! पहिल्या प्रश्नाचे उत्तर न घेता तिसऱ्या प्रश्नावर उडी मारली की काय होते, त्याचा हा जगप्रसिद्ध दाखला आहे. पुढे त्याच शतकात सर मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने सावधगिरी सांगितली की मृत्यू घडला हे सिद्ध झाल्याविना किंवा प्रेत मिळाल्याविना खुनाची शिक्षा देऊ नये. यातले 'किंवा' लोक विसरले आणि 'मुडदा नाही तर खून नाही' एवढेच उरले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा गैरसमज दूर केला आहे. १९८१ च्या रामा नंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात न्यायालयाने म्हटले की प्रेत मिळणे ही शिक्षेची अनिवार्य अट नाही. मात्र मृत्यू व तो गुन्ह्याने झाल्याचे तथ्य अन्य भक्कम पुराव्याने शाबीत व्हावे लागते. असे नसते, तर प्रेत समुद्रात फेकणारा प्रत्येक खुनी सुटला असता. आपण किनाऱ्यावरचे लोक. हा मुद्दा आपल्याला लगेच पटेल.

महाराष्ट्रातला या विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला पुण्याचा आहे. लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा बाई, मधुमेहाच्या रुग्ण. डॉ. अनंत चिंतामण लागू हा त्यांच्यावर उपचार करी. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे रेल्वेने पुण्याहून मुंबईस निघाले. पहाटे बाई बेशुद्ध स्थितीत उतरल्या. डॉक्टरने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले आणि तेथे त्यांचे खोटेच नाव लिहविले. त्याच दिवशी दुपारपूर्वी त्या वारल्या. प्रेताला वारस आला नाही. शवविच्छेदन उशिरा झाले; मृत्यूचे कारण सापडले नाही, रासायनिक तपासणीत विषही सापडले नाही. पुण्यात मात्र त्यांच्या नावाची पत्रे येत राहिली, जणू त्या जिवंत आहेत आणि दूर कोठे सुखात आहेत. इकडे त्यांची मालमत्ता डॉक्टरच्या हाती जात होती.

येथे प्रश्न 'कोणी' हा नव्हताच. प्रश्न दुसरा होता : बाई विषाने मेल्या की दुखण्याने? विष सापडले नाही, मग विषप्रयोग कसा म्हणायचा? सत्र न्यायालयाने व उच्च न्यायालयाने फाशी दिली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती कायम केली. एका न्यायमूर्तींनी मात्र भिन्नमत नोंदविले. बहुमताचे म्हणणे असे की विषप्रयोग परिस्थितिजन्य पुराव्यानेही शाबीत होऊ शकतो. खोटे नाव, नातलगांना न कळविणे, मृत बाईच्या नावाची बनावट पत्रे, मालमत्तेचा अपहार, या सर्व कड्या जोडल्या की एकच निष्कर्ष उरतो. भिन्नमतही वाचण्यासारखे आहे, कारण गाभा शाबीत झाला की नाही याविषयी तीन विद्वान न्यायमूर्तींतही दुमत होऊ शकते. मग आपण किती काळजीपूर्वक नोंदी केल्या पाहिजेत!

यातून देवगडच्या किनाऱ्यावर काय शिकायचे? एखादा खलाशी होडीवर गेला आणि परतला नाही. पोलिसांत 'बेपत्ता' म्हणून नोंद होते. शरीर किनाऱ्याला लागले तर 'अकस्मात मृत्यू', म्हणजे लोक ज्याला 'ए.डी.' म्हणतात ती. ही गुन्ह्याची नोंद नव्हे, पण गुन्ह्याकडे जाणारी वाट तेथूनच जाते. मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, राखून ठेवलेला व्हिसेरा यांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते : बुडून मेला, की मारून टाकला? शरीर मिळाले नाही तर सात वर्षे त्याची काही खबर नसल्यास तो हयात नाही असे कायदा सामान्यतः गृहीत धरतो. म्हणून बेपत्ता झाल्याची नोंद त्याच आठवड्यात करून तिची प्रत जपून ठेवावी. होडीवर कोण कोण होते, पैशावरून भांडण होते का, शेवटचा फोन कोणाला केला, हे लिहून ठेवावे. लिहिलेले राहते, सांगितलेले वाहून जाते.

आता ज्यासाठी हा विषय आपल्या संस्थेने मुद्दाम निवडला त्या प्रश्नाकडे येऊ. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ साली झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. या कायद्याखालील गुन्ह्याला नेहमीच्या अंगांखेरीज आणखी काही अंगे असतात, आणि बहुतेक खटले नेमके तेथेच घसरतात.

पहिले अंग : पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही. येथे आपल्या समाजासमोर एक अवघड गोष्ट उभी राहते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. ज्या नावाने आपल्याला माणुसकी नाकारली गेली, ते नाव आपण नागपूरच्या दीक्षाभूमीवर टाकून आलो. बौद्ध हा धर्म आहे. अनुसूचीतली जात नव्हे. १९९० साली राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातीचे म्हणून मान्यता मिळाली. पण कागदावर मूळ जात दाखवावीच लागते. काहींना हे लिहिताना हात थांबतो, आणि तो थांबणे आम्ही समजू शकतो. पण विचार करा : ती नोंद आपण स्वतःविषयी करीत नाही. मारणाऱ्याने आपल्याला ज्या नावाने पाहिले, ती नोंद आपण करतो. ते गुन्ह्याचे तथ्य आहे, आपली ओळख नव्हे. म्हणून घरोघरी जातीचे प्रमाणपत्र तयार ठेवावे. गुन्हा घडल्यावर त्यासाठी धावाधाव करू नये.

दुसरे अंग : जागा. जातीवाचक शिवीगाळ वा अपमान 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' व्हावा लागतो. हे ठिकाण सार्वजनिकच असावे असे नाही. २००८ साली स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. घरासमोरच्या खळ्यात, रस्त्यावरून दिसेल असे कोणी बोलले तर ते या व्याख्येत बसते. उलट २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात न्यायालयाने म्हटले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणीही हजर नसताना झालेले बोलणे या कलमात बसत नाही. म्हणून जबाबात 'मला जातीवरून बोलला' एवढे पुरत नाही. कोठे उभा होता, तो भाग कोठून दिसतो, घरच्या माणसांखेरीज कोणी ऐकले आणि नेमका कोणता शब्द उच्चारला, हे सर्व यावे. तो शब्द उच्चारायला लाज वाटते म्हणून गाळू नये. लाज बोलणाऱ्याची आहे.

तिसरे अंग : जाणीव. येथे खैरलांजीची आठवण काढावी लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी सहा जणांना फाशी दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द करून पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. खून शाबीत झाला. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा दोन्ही न्यायालयांत शाबीत धरला गेला नाही. साऱ्या महाराष्ट्राला जे उघड दिसत होते, ते न्यायालयाच्या कागदावर 'जातीच्या कारणावरून' या शब्दांच्या मापात बसले नाही. कायद्याचे शब्द तेव्हा तसे होते : गुन्हा जातीच्या कारणावरून केला असे दाखवावे लागे. पुढे २०१५ ची दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून गंभीर गुन्ह्यांच्या त्या कलमात 'पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे माहीत असून' एवढे पुरते झाले. शिवाय आरोपीची पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. एका शब्दाच्या बदलाने शाबितीचे ओझे कसे हलते ते पाहा. त्यासाठी आपण जबाबात एवढे लिहवून घ्यावे : आरोपी आम्हाला किती वर्षे ओळखतो, त्याचे घर किती अंतरावर आहे.

ओझे कोणावर, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्याला फार पूर्वी शिकविला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते प्याले. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा झाला. स्पृश्यांचे म्हणणे असे की तळ्यावर अस्पृश्यांनी येऊ नये हा अनादि रिवाज आहे. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की असा अनादि रिवाज वादींनी शाबीत केलेला नाही. जो हक्क सांगतो त्यानेच तथ्य सिद्ध करावे, या साध्या नियमापुढे शतकांची दांडगाई टिकली नाही. सत्याग्रह रस्त्यावर झाला आणि तो पुराव्याच्या कायद्यानेही जिंकला.

आता काही व्यवहाराच्या सूचना. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की ती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी खबर घेतली पाहिजे. लिहिलेली खबर वाचून दाखविल्यावरच सही करावी. तिची प्रत मोफत मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तरीही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या गुन्ह्यात खबर नोंदविण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा असा नियम आहे. रक्ताचे कपडे धुऊ नयेत, मारहाणीनंतर प्रथम सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्यावी, आणि पंच म्हणून बोलावले तर टाळाटाळ करू नये. आपण पंच होण्यास भितो, आणि मग साक्षीदार फुटले म्हणून हळहळतो.

दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली : खबरीत खोटे एक अक्षर घालू नये. चार जणांनी मारले असेल तर सात नावे देऊ नयेत. जी तीन नावे वाढविली, ती उलटतपासणीत उरलेल्या चौघांनाही सोडवितात. शिवाय चौथे शील आपण रोज घेतो, ते पोलीस स्टेशनच्या पायरीवर ठेवून आत जायचे नसते. दुसरी : हा गाभ्याचा नियम आरोपीचेही रक्षण करतो. उद्या आपल्याच घरातला मुलगा कोठडीत असेल आणि "त्याने कबूल केले" असे सांगण्यात येईल. पोलिसांजवळ दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. आधी गुन्हा झाला हे दाखवा, मग त्याने केला हे दाखवा, असे तेव्हा आपणही म्हणणार आहोत. जो नियम आपल्या रक्षणासाठी हवा, तोच दुसऱ्यासाठी मान्य करणे हा खरा न्याय.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून काही मानू नका. न्यायालयही तेच सांगते : ऐकीव नको, पाहिलेले सांगा. विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की प्रत्येक वाडीत दोघातिघांनी तरी हे शब्द शिकून घ्यावेत : खबर, जबाब, पंचनामा, मुद्देमाल, दखलपात्र, दोषारोपपत्र. आपल्या आजी-आजोबांच्या वतीने कागद दुसरेच कोणी लिहीत असे आणि त्यांनी खाली अंगठा उठविला. आता लेखणी आपल्या हाती आहे. अन्याय झाला असे सांगून थांबू नका; काय झाले, कोठे झाले, कोणासमोर झाले ते लिहा.

जयभीम. नमो बुद्धाय.